विरघळलं म्हणजे कुजलं नव्हे

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या तालुक्यात खरीपपूर्व मेळावा झाला. टेबलावर काचेचा ग्लास होता. त्यात चमचाभर पांढरी भुकटी टाकली, वर पाणी ओतलं आणि बघता बघता ग्लास भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या लिबलिबीत दाण्यांनी भरला. मग ग्लास उपडा केला, तर थेंबभर पाणी खाली पडलं नाही. मंडपातली माणसं उठून पुढे सरकली. ज्यांनी टँकरच्या रांगेत हंडे लावले आहेत, त्यांना हा ग्लास काय वाटत असेल ते वेगळं सांगायला नको. तेवढ्यात एका वयस्कर शेतकऱ्याने विचारलं, "पीक निघाल्यावर ह्याचं पुढं काय होतं?" उत्तर आलं, "मातीत विरघळून जातं. शंभर टक्के बायोडिग्रेडेबल आहे." मागून नैसर्गिक शेती करणारा एक तरुण ओरडला, "खोटं! हे प्लास्टिक आहे. जमीन मारून टाकणार हे लोक." पुढचा पाऊण तास विज्ञान विरुद्ध परंपरा, कंपन्या विरुद्ध शेतकरी, दुष्काळ विरुद्ध पर्यावरण असा सगळा वाद झाला. दोन्हीकडून टाळ्या पडल्या. त्या म्हाताऱ्या माणसाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अशा जलधारकांचा, म्हणजे मातीत पाणी धरून ठेवणाऱ्या भुकट्यांचा, हा वाद आता मराठवाड्यात जागोजागी ऐकू येतो आणि सगळीकडे असाच चुकीच्या रुळावरून जातो. एक बाजू 'पाण्यात जातं' याचा अर्थ 'नाहीसं होतं' असा लावते. दुसरी बाजू 'कारखान्यात बनलं' याचा अर्थ 'विष' असा लावते. दोघांनाही मातीला काही विचारायचं नाही. माझं म्हणणं सरळ आहे. विरघळणं आणि कुजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो पदार्थ शेतात टाकल्यावर कुठल्याही अवजाराने परत काढता येत नाही, तो कुजतो हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. आणि तो पुरावा आमच्या काळ्या, चुनखडीच्या, वर्षातले सात-आठ महिने कोरड्या राहणाऱ्या मातीतला हवा. तोवर हे पदार्थ सरसकट शेतभर टाकू नयेत. जिथे त्यांचा उपयोग खरोखर मोठा आहे, तिथेच मोजून वापरावेत.

आधी हे पदार्थ कोणते, ते नीट पाहू. मेळाव्यातली भुकटी हा फक्त एक नमुना. जालना ही बियाण्यांची राजधानी. तिथून निघणारं लाल, निळं, हिरवं चकचकीत बियाणं हातात घ्या. बोटाला रंग फारसा लागत नाही, कारण औषध आणि रंग दाण्याला चिकटवून ठेवणारा पॉलिमरचा (लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचा) पातळ थर त्यावर असतो. काही कीडनाशकांची पुडी न फोडता तशीच टाकीत टाकायची असते. ती पुडी बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची असते. औषध पानाला चिकटावं म्हणून फवारणीत मिसळायच्या स्टिकरमध्ये, पाण्यातला गाळ खाली बसवणाऱ्या आणि उतारावरची माती धरून ठेवणाऱ्या पॉलिअॅक्रिलामाइडमध्ये हेच कूळ आहे. ग्लासातली भुकटी तर पाण्यात विरघळतही नाही. तिच्या साखळ्या एकमेकींना गाठी मारून बांधलेल्या असतात, म्हणून ती नुसती फुगते. म्हणजे व्यासपीठावरून दिलेलं उत्तर पहिल्याच शब्दाला चुकलं होतं.

आपल्या भाषेत यासाठी किती नेमके शब्द आहेत! मीठ विरघळतं. लुगडं विरतं. नांगराचा फाळ झिजतो. पाणी जिरतं. शेण कुजतं. या पाचांत पदार्थाचं 'दिसेनासं होणं' समान आहे, पण प्रत्येकाची गती निराळी. विरघळलेलं मीठ पाणी आटलं की परत वर येतं. कुजलेलं शेण शेण म्हणून परत येत नाही. त्यातला बराचसा कार्बन जीवाणूंच्या श्वासातून हवेत गेलेला असतो आणि उरलेला मातीचा झालेला असतो. आपण एका इंग्रजी शब्दासाठी 'विघटनशील' असा एकच गुळगुळीत शब्द घेतला आणि त्याच्या पोटात ही सगळी क्रियापदं ढकलली. विकणाऱ्याला तो सोयीचा झाला. त्याच्या डोळ्यापुढे मीठ असतं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यापुढे शेण.

विरघळलेल्या वस्तूवर विश्वास ठेवण्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी आलं, ऊस आला, पैसा आला. पाण्यात विरघळलेले क्षार कुणाला दिसत नव्हते. पंचवीस वर्षांच्या आत नीरा खोऱ्यात पांढरी पडलेली जमीन इतकी वाढली की हॅरल्ड मॅन यांच्यासारख्या कृषिशास्त्रज्ञाला १९१० च्या सुमारास त्या खारवट जमिनींचा खास अभ्यास करावा लागला. १९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं. पुढे त्याच्याही लाभक्षेत्रात पाणथळ आणि क्षारपड जमिनींचा प्रश्न उभा राहिला. मीठ तर साधी गोष्ट. ते चाखता येतं, मोजता येतं, चर खोदून निचऱ्यावाटे बाहेर काढता येतं. मातीच्या कणाला घट्ट चिकटलेली पॉलिमरची साखळी कुठल्या चरातून काढणार?

आता कुजण्याचं गणित. जीवाणू मोठा रेणू सबंध गिळू शकत नाही. आधी बाहेर विकर (एन्झाइम) सोडून त्याचे तुकडे करतो, मग ते आत घेतो. त्यासाठी साखळीत तुटण्याजोगे सांधे लागतात. गोधडी उसवायची तर शिवण सापडावी लागते, तसं. पिठातलं स्टार्च, कापसातलं सेल्युलोज, गवारीचा डिंक यांत साखरेला साखर जोडलेली असते आणि त्या प्रत्येक शिवणीवर चालणारं विकर मातीत कोट्यवधी वर्षं तयार आहे. प्रथिनांचंही तसंच. जलधारकातलं पॉलिअॅक्रिलेट आणि पॉलिअॅक्रिलामाइड यांचा कणा मात्र कार्बनला कार्बन जोडलेली सलग तार आहे. तिला शिवणच नाही. जीवाणू पॉलिअॅक्रिलामाइडच्या बाजूला लोंबणारा नायट्रोजन सोडवून वापरतात, आणि तेवढ्यावरून 'जीवाणू हे खातात' अशी जाहिरात करता येते. पण झाडाची पानं खाल्ली म्हणून खोड खाल्लं असं होत नाही. जर्मनीतल्या शेतमातीत कार्बनवर खूण करून पॉलिअॅक्रिलेट जलधारकाचा माग काढला गेला आणि २०१४ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिन्यांत मुख्य साखळीचा जेमतेम ०.१२ ते ०.२४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड झाला होता. हाच वेग धरला तर निम्मा पदार्थ संपायला शंभरावर वर्षं लागतील. पॉलिअॅक्रिलामाइडबद्दल 'वर्षाला दहा टक्के' हा आकडा नेहमी सांगितला जातो. पण त्यात औताने, उन्हाने, रासायनिक क्रियेने साखळी तुटणंही धरलेलं आहे. तुकडे होणं हे कुजणं नव्हे. बांगडी फुटली तरी काच शिल्लक राहतेच.

पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि मला ती फार बोलकी वाटते. त्याचाही कणा कार्बनचाच, पण त्याला खाणारे जीवाणू खरोखर आहेत. ते आधी कणा ऑक्सिडीकरणाने कमकुवत करतात आणि मग तोडतात. हे जीवाणू प्रामुख्याने सापडले कुठे? कापड गिरण्यांच्या सांडपाण्यात आणि गाळात. सुताला पूर्वी पिठाची खळ देत. पुढे गिरण्यांनी बऱ्याच ठिकाणी पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची खळ आणली. ती धुऊन वर्षानुवर्षं एकाच नाल्यात जात राहिली, तेव्हा त्या नाल्यातले जीवाणू तिच्यावर जगायला शिकले. सांडपाण्याच्या टाकीतल्या सरावलेल्या गाळात ते झपाट्याने कुजतं, हे खरं आहे. पण तो दाखला घेऊन कुणी बदनापूरच्या शेतकऱ्याला 'हे कुजतं' असं सांगितलं, तर ते अर्धंच खरं. साध्या शेतमातीत हे जीवाणू विरळ असतात. त्यात आणखी एक अडचण आहे, आणि ती खास आपली आहे.

मराठवाड्याची काळी माती बेसाल्टच्या खडकातून झाली. तिच्यातली चिकणमाती मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातली. याच खनिजामुळे ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. या खनिजाचे पापुद्रे अतिशय पातळ असतात, त्यांचं पृष्ठफळ प्रचंड असतं आणि लांब साखळीचे रेणू त्यांच्यावर घट्ट बसतात. इटलीत पीसा इथल्या संशोधकांनी २००० सालच्या आसपास दाखवून दिलं की पॉलिव्हिनाइल अल्कोहोल मॉन्टमोरिलोनाइटला चिकटलं की त्याचं जैवविघटन बरंच मंदावतं. विकराला हात घालायला जागा मिळत नाही. म्हणजे जो पदार्थ युरोपातल्या एखाद्या रेताड मातीत दोन वर्षांत कुजेल, तो गंगाखेडच्या किंवा सेलूच्या भारी जमिनीत किती वर्षं बसून राहील, हे त्या रेताड मातीच्या प्रमाणपत्रावरून कळणार नाही. ते इथेच तपासावं लागेल.

पाण्याचाही प्रश्न आहे. मातीतल्या विघटनाच्या प्रमाणित चाचण्या साधारण २५ अंश सेल्सिअसला होतात आणि माती कायम ओलसर राखली जाते. जमिनीवर अंथरायच्या विघटनशील आच्छादन फिल्मच्या (मल्चिंग पेपरच्या) युरोपातल्या मानकात २४ महिन्यांत ९० टक्के कुजण्याची अट आहे. ते २४ महिने वाफशावर असलेल्या मातीचे असतात. आमच्या कोरडवाहू शेतातले २४ महिने म्हणजे ओलाव्याचे फार तर नऊ-दहा. दिवाळीनंतर वरचा थर वाळतो तो थेट मृगापर्यंत. उष्णता जास्त म्हणून कुजणं जलद, हे ओल असेल तरच. एप्रिलमधल्या ढेकळात जीवाणू तग धरून असतात, काम करत नसतात. 'कंपोस्टेबल' असा छाप असेल तर तो आणखी दूरचा. ती चाचणी ५८ अंशांच्या औद्योगिक कंपोस्टमधली असते. तेवढी धग उकिरड्याच्या पोटात कधीमधी लागेल, सोयाबीनच्या मुळाशी लागणार नाही.

इथे समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडंथोडकं नाही.

पहिलं, मात्रा खरंच लहान आहेत. एकरी दोन किलो जलधारक दहा वर्षं टाकलं तरी वीस किलो होतं. एकराच्या वरच्या अर्ध्या फुटातली माती सुमारे नऊ लाख किलो भरते. म्हणजे किलोमागे वीस-बावीस मिलिग्रॅम. दुसरं, हे पदार्थ विषारी असल्याचा कांगावा चुकीचा आहे. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल डोळ्यांच्या थेंबांत आणि गोळ्यांच्या आवरणात वापरतात. पॉलिअॅक्रिलामाइड ज्यापासून बनतं ते अॅक्रिलामाइड घातक आहे, पण चांगल्या प्रतीच्या मालात त्याचा अंश मर्यादित ठेवतात आणि उरलेला अंश ओल्या मातीत काही दिवसांत मोडतो. तिसरं, बियाण्यावरच्या पॉलिमरच्या थरामुळे पेरणाऱ्याच्या नाकातोंडात जाणारी औषधाची धूळ कमी होते. ज्यांनी तोंडाला फडकं न बांधता थायरम हे बुरशीनाशक लावलेलं बियाणं हाताने मोघडलेलं आहे, त्यांना याचं मोल कळेल. विरघळणाऱ्या पुडीचंही तेच. चौथं, बांधाबांधावर फडफडणाऱ्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या हा आज याहून कितीतरी मोठा कचरा आहे. आणि पाचवं, जे मला सगळ्यात जड जातं: पहिल्या पावसावर पेरलं, वीस दिवसांचा खंड पडला, रोपं माना टाकायला लागली, अशा माणसाला 'आधी पुरावा येऊ द्या' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख आहे. दुबार पेरणीने कर्जात बुडालेल्या घरांत बसून शंभर वर्षांनंतरच्या मातीची चर्चा करणं, हे पोट भरलेल्यांचं काम वाटू शकतं.

या शेवटच्या मुद्द्यापासून उत्तराला सुरुवात करतो, कारण बाकीचे त्यावरच उभे आहेत. शेतकरी अडचणीत आहे, म्हणून त्याला खरा हिशेब द्यायचा की ग्लास दाखवायचा? हिशेब करून पाहू. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं जलधारक स्वतःच्या वजनाच्या किमान साडेतीनशे पट शुद्ध पाणी धरतं. एकरी दोन किलोला सातशे लिटर पाणी. ऐकायला मोठं वाटतं. पण एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरहून थोडं जास्त. सातशे लिटर त्यावर पसरलं तर ०.१७ मिलिमीटर पाऊस होतो. एवढ्या पावसाला आपण बुरबुर असंही म्हणत नाही. याउलट मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं दीड-दोनशे मिलिमीटर पाणी स्वतःच साठवते. मातीतली चिकणमाती हेच आमचं जुनं जलधारक आहे! भुकटीची बाजू घेणारे सांगतील की ती शेतभर नाही, बियाच्या ओळीत पडते आणि प्रत्येक पावसाला परत भरते. बरोबर आहे. म्हणूनच हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत, रोपवाटिकेत, मोसंबीचं किंवा केशर आंब्याचं कलम लावताना खड्ड्यात ती उपयोगी पडू शकते. तिथे ती वापरावी, असं मी स्वतः सांगतो. पण भारी काळ्या रानात सोयाबीनला ती विकणं म्हणजे विहिरीत कळशी ओतून पाणी वाढवलं असं सांगणं.

शिवाय 'साडेतीनशे पट' ही शुद्ध पाण्यातली किंमत आहे. आमच्या बोअरचं पाणी जड आणि जमीन चुनखडीची. कॅल्शियमचा आयन दोन हातांनी दोन साखळ्या धरून ठेवतो. मग जाळं आवळतं आणि फुगणं कित्येक पटींनी घटतं. मेळाव्यातला ग्लास बहुधा बाटलीबंद पाण्याने भरलेला असतो. तोच प्रयोग आपल्या बोअरच्या पाण्याने आणि आपल्या शेतातली मूठभर माती ढवळून केला, तर काय दिसतं ते प्रत्येकाने घरी करून पाहावं. चमचाभर भुकटी मागून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. गरजू माणसाला पुराव्यापासून दूर ठेवणं ही त्याची सोय नव्हे. ज्याच्याकडे चुकायला एकही हंगाम शिल्लक नाही, त्यालाच पुराव्याची सर्वांत जास्त गरज आहे.

आता मात्रेचा मुद्दा. वीस मिलिग्रॅमने काय बिघडतं? आज बहुधा काहीच नाही. पण हा युक्तिवाद प्रत्येक पदार्थासाठी वेगळा केला जातो आणि शेत मात्र एकच असतं. बियाण्याचा थर, फवारणीचा स्टिकर, पुडी, जलधारक, विद्राव्य खतातले घटक, प्रत्येकाची मात्रा लहान, आणि बेरीज कुणाच्याच वहीत नाही. जे दरवर्षी टाकलं जातं आणि दरवर्षी त्याहून कमी कुजतं, ते साचतं. यात मत असण्याचा प्रश्नच नाही, ही पहिलीतली बेरीज-वजाबाकी आहे. आणि मल्चिंग पेपर निदान दिसतो. बाया मजुरीने तो वेचतात, बांधावर जाळतात (जाळू नये, पण जाळतात). विरघळलेली साखळी दिसत नाही, चाळणीत अडकत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येत नाही. युरोपीय संघाने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध आणले, त्यातून लिटरला दोन ग्रॅमपेक्षा जास्त विरघळणारे पॉलिमर वगळले. कायद्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखं आहे, कारण ते कण नाहीत. पण कण नाही म्हणजे काहीच नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो, तो मला धोक्याचा वाटतो.

दिसत नाही त्याकडे लक्ष जायला किती उशीर होतो, याचा एक इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या नव्या भुकट्या आल्या. त्यांतला मुख्य पदार्थ पाण्यात उत्तम विरघळत असे. पण त्याच्या कार्बन साखळीला फांद्या होत्या, आणि जीवाणूंना त्या फांद्या चावता येईनात. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले. काही गावांत नळाच्या पाण्यालाही फेस येई. तेव्हाही सांगितलं जात होतं की पदार्थ विषारी नाही आणि मात्रा लहान आहे. पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा करून किमान ८० टक्के जैवविघटनाची अट घातली, ती १९६४ पासून लागू झाली. कारखान्यांनी फांद्या काढून सरळ साखळीचा पदार्थ बनवला. अमेरिकेतही १९६५ पर्यंत हा बदल झाला. कपडे धुणं थांबलं नाही, उद्योग बुडाला नाही. एका अटीने रसायनशास्त्र सुधारलं. तिथे माणसं जागी झाली, कारण फेस दिसत होता. मातीत फेस येत नाही. मग आपण कशाची वाट पाहणार आहोत?

नैसर्गिक शेतीवाल्या मित्रांशीही मला भांडायचं आहे, कारण प्रश्न बरोबर असूनही ते त्याचं उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधतात. 'वनस्पतीपासून बनलं ते चांगलं, पेट्रोलियमपासून बनलं ते वाईट' ही कसोटीच फसवी आहे. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवतात. जन्म उसात, पण मातीत पडलं की कॅरीबॅगसारखंच राहतं. उलट कारखान्यात संश्लेषित केलेलं पॉलिअॅस्पार्टिक आम्ल चांगलं कुजतं, कारण त्याच्या साखळीत प्रथिनासारखी शिवण आहे. १९९६ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार त्यालाच मिळाला. ते पॉलिअॅक्रिलेटची बरीच कामं करू शकतं. पदार्थाचं गोत्र विचारू नये, त्याची शिवण पाहावी. याच कसोटीवर 'सेल्युलोजवर आधारित' हा शब्दही तपासावा लागतो. आपल्या देशी जलधारकाचा आधार सेल्युलोजचा आहे, पण त्यावर पॉलिअॅक्रिलेटची कलमं बांधलेली आहेत. खुंट कुजेल. कलमाचं काय? एवढा सरळ प्रश्न विचारला की 'वनस्पतिजन्य' या शब्दाचं तेज उतरतं. आणि मित्रांनो, 'सगळंच विष' म्हटलं की चांगल्या-वाईटातला फरक पुसला जातो. मग चांगलं बनवणाऱ्याला काय फायदा?

खरं तर कुजणारा, पाण्यात विरघळणारा पॉलिमर आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तुरीच्या, सोयाबीनच्या बियाण्याला रायझोबियम हे नत्र मिळवून देणारे जीवाणू लावताना आपण गुळाचं पाणी करतो. नुसत्या गुळाने पकड कमी वाटली तर बाभळीचा डिंक भिजवून घालतात. तो डिंक म्हणजे शर्करांची लांब, फांद्यांची साखळी. दाण्याला जीवाणू चिकटवण्याचं काम झालं की मातीतले जीवाणू तो खाऊन टाकतात. जालन्याच्या एखाद्या कारखान्यात लाखो क्विंटलला हे जमणार नाही, दमट हवेत डिंकाला बुरशी येते, दाणे एकमेकांना चिकटतात, हे मला माहीत आहे. पण गवार डिंक, सुधारित स्टार्च, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, कायटोसान यांवर काम करायला वाव आहे, आणि बियाण्यांची राजधानी आपल्याच दारात आहे. बाजाराने हे आपण होऊन करावं, अशी अपेक्षा मी करत नाही. जर्मनीतही आधी कायदा आला आणि मग सरळ साखळी आली.

आपल्याकडे २०१६ चे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम आहेत, पण त्यांचा रोख पिशव्या, वेष्टनं आणि वापरून टाकायच्या वस्तूंकडे आहे. जे प्लास्टिक कचरा म्हणून नव्हे तर शेतीची निविष्ठा म्हणून, पैसे देऊन, मुद्दाम मातीत घातलं जातं, ते या चौकटीत नीट बसतच नाही. युरोपीय संघाने २०१९ च्या खतविषयक नियमात ही दरी ओळखली. खताच्या आवरणातला आणि पाणी धरून ठेवणारा पॉलिमर त्याचं काम संपल्यावर जास्तीत जास्त ४८ महिन्यांत ९० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे, असा तिथला निकष आहे. तो तसाच्या तसा उचलू नये. त्यांची माती निराळी, त्यांचा पाऊस निराळा. पण त्याची मांडणी घ्यावी: किती टक्के, किती महिन्यांत, कोणत्या मातीत, किती ओलीत. पिशवीवर 'बायोडिग्रेडेबल' हा एकटा शब्द छापायला बंदी हवी. हे चार आकडे असतील तरच तो शब्द छापावा. बियाण्याच्या पिशवीवर औषधाचं नाव असतं, तसं आवरणाच्या पॉलिमरचंही नाव हवं.

आणि हे आकडे काढायला परदेशात जावं लागत नाही. मातीची चाचणी फार जुनी आणि साधी आहे. हवाबंद बरणीत आपली माती, तिच्यात मोजून घातलेला पदार्थ, शेजारी अल्कलीच्या द्रावणाचं भांडं. जीवाणू जितकं खातील तितका कार्बन डायऑक्साइड त्या द्रावणात उतरेल, आणि आम्लाने अनुमापन (टायट्रेशन) केलं की आकडा मिळेल. दुसऱ्या बरणीत नुसती माती, तिसरीत सेल्युलोज, म्हणजे तुलना होते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची घटक महाविद्यालयं लातूर, अंबाजोगाई, बदनापूर, धाराशिव इथे आहेत. प्रत्येक ठिकाणी मृदाशास्त्राची मुलं ब्युरेट हातात धरून अनुमापन शिकतात. त्यांना आठही जिल्ह्यांतली माती द्या, भारी काळी, मध्यम, मुरमाड आणि चोपण. बाजारात मिळणारी प्रत्येक भुकटी, प्रत्येक आवरण द्या. काही बरण्या कायम ओल्या ठेवा आणि काही आमच्या वर्षासारख्या: चार महिने ओल्या, आठ महिने कोरड्या. दोन वर्षांनी जे आकडे येतील ते तालुक्याच्या प्रत्येक कृषी कार्यालयाच्या भिंतीवर लावा. पुढच्या मेळाव्यात त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तोच प्रश्न परत विचारला, तर व्यासपीठावरच्या माणसाच्या हातात ग्लासाशेजारी तो कागद असला पाहिजे.